हळदीतली नीळ

दुर्गाबाईंचा फोन आला तेव्हा मी वांग्याच्या भाजीला फोडणी देत होते. त्या चांदूर रेल्वेहून बोलत होत्या. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ मिळाला, गाणी छान टाकली, पंगतीतलं एकही माणूस सुटलं नाही, असं त्यांनी पाच मिनिटं कौतुक केलं. मग आवाज खाली आणला.

"पन ताई, माह्या पोरीची हळद हिरवी काहून दिसते वो?"

मी म्हटलं, टीव्ही बिघडला असेल. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, जावयाच्या लॅपटॉपवर पाहिलं होतं आणि फोनवरही पाहिलं होतं. तिन्हीकडे पोरीच्या गालाला शेवाळ लावल्यासारखं दिसत होतं. बाई भांडत नव्हत्या, हेच मला जास्त लागलं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दोन मिनिटांत गप्प करते. ही बिचारी माफी मागितल्यासारखी बोलत होती. तीन महिन्यांतली ही चौथी तक्रार होती आणि चारही हळदीच्याच होत्या.

अमरावतीत राजापेठेकडे आमचं दुकान आहे, मागंच घर. पाटीवर 'ज्योत्स्ना फोटो अँड व्हिडिओ' असं लिहिलेलं आहे, आणि ज्योत्स्ना म्हणजे मी. लग्न झाल्या झाल्या खुशालरावांनी हौसेनं माझं नाव लावलं. हौस त्यांची होती, पण लोक हसले तर ते माझ्या नावाला हसतात. खुशालराव म्हणजे माझा नवरा, वय एकसष्ट. नवऱ्याचं नाव घ्यायला मी कधी लाजले नाही, तीस वर्षं बिलांवर लिहीत आले आहे.

कॅसेटच्या काळापासून व्हिडिओचा रंग यांच्याच हातचा. शूटिंग कोणीही करो, शेवटी मॉनिटरसमोर हे बसणार आणि प्रत्येक दृश्याचा रंग डोळ्यानं जुळवणार. हळद पाहावी तर खुशालरावची, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंच होतं. यांच्या हळदीत पोरीचं तोंड उजळून निघायचं, पण चुन्यानं पोतल्यासारखं दिसायचं नाही. दुसरे लोक नवरीला गोरी करायचे, हे तिला तिच्याच रंगात देखणी करायचे.

यांचा एक शब्द आहे, नीळ. आपण पांढऱ्या कपड्याला शेवटच्या पाण्यात नीळ देतो ना, तीच. चित्र पिवळट वाटलं की हे म्हणायचे, "थोडी नीळ दे याले." म्हणजे रंगात जरा निळं वाढवायचं. आमच्या दुकानात सगळे असंच बोलतात. यांचा पुतण्या अंकुर आमचा कॅमेरा सांभाळतो, तो इंजिनियरिंग शिकलेला आहे, पण तोही नीळच म्हणतो.

तक्रार सांगितली तेव्हा हे चिडले. माझा डोळा तीस वर्षांचा आहे, म्हणाले, चांदूर रेल्वेच्या टीव्हीनं मला शिकवू नये. अंकुर हळूच म्हणाला की मॉनिटर जुना झाला आहे, जुना मॉनिटर रंग बदलतो. यांना ते पटलं नाही, पण आवडलं. दोष मशीनचा असेल तर पाहून घ्या, म्हणाले. मीही मनात ठरवलं, आता पाहायचंच. चार बायांनी मला फोन केला होता, पाचवीचा यायच्या आत मला उत्तर पाहिजे होतं.

अकोल्याची कहकशाँ नावाची एक मुलगी वऱ्हाडातल्या स्टुडिओंत फिरून कॅमेरे आणि मॉनिटर जुळवून देते, असं अंकुरनं ऐकलं होतं. तिचे वडील इनायतुल्ला अकोल्यात टीव्ही दुरुस्त करायचे. ही हैदराबादला जाऊन पुढचं शिकली आणि परत येऊन वडिलांच्याच दुकानात बसली. बोलावलं तशी ती आली. डोक्याला ओढणी, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग, आणि बोलणं एकदम मुद्द्याचं. आल्या आल्या तिनं मॉनिटर चालू केला आणि अर्धा तास त्याला हात लावला नाही. गरम झाल्याशिवाय मॉनिटर खरं दाखवत नाही, म्हणाली. तेवढ्या वेळात तिनं खिडकीला जाड पडदा लावायला लावला आणि मॉनिटरमागची भिंत राखाडी रंगवून घ्या म्हणून सांगितलं. ती भिंत पोपटी होती आणि तो रंग माझ्या पसंतीचा होता. मागं पोपटी असलं की डोळ्याला पुढचं तांबूस वाटतं, असं ती म्हणाली. खुशालरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गुन्हेगार सापडलाच.

मग तिनं आवळ्याएवढं एक यंत्र काढलं, वायरनं मॉनिटरच्या पडद्यावर लटकवलं आणि लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर एकेक रंगाचा चौकोन यायला लागला. पांढरा, फिकट राखाडी, गडद राखाडी, लाल, हिरवा, निळा. पडद्यानं जो रंग दाखवायला पाहिजे आणि जो खरोखर दाखवला, त्यातला फरक ते यंत्र मोजत होतं. वीस मिनिटं हेच चाललं. राखाडी चौकोन आले की कहकशाँ सहज विचारल्यासारखं यांना विचारायची, काका, हा कसा वाटते? हे खुर्चीत रेलून उत्तर द्यायचे. ती मान हलवायची आणि वहीत काहीतरी लिहायची. मी चहा ठेवायला गेले.

चहा घेऊन आले तर हे मिशीत हसत होते. मॉनिटर जवळपास बरोबर निघाला होता. होता तो केसभर फरक तिनं काढून टाकला होता. यांनी मला तीनदा ऐकवलं की मी म्हटलं नव्हतं का.

"आता कॅमेरे," कहकशाँ म्हणाली.

अंगणात उन्हात तिनं चोवीस रंगांच्या चौकोनांचा तक्ता उभा केला आणि अंकुरला नेहमीसारखा कॅमेरा लावायला सांगितलं. शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याला पांढरं काय ते दाखवावं लागतं, त्यावरून तो बाकीचे रंग ठरवतो. अंकुरनं बॅगेतून आमचं धोतर काढलं. ते माझ्या सासऱ्यांचं, हातभर फाडून ठेवलेलं. जुन्या काळी यांनी पहिलं लग्न शूट केलं तेव्हा पांढरं म्हणून बापाचं धोतर धरलं, ते लग्न चांगलं उतरलं, आणि तेव्हापासून तोच तुकडा शकुनाचा म्हणून बॅगेत असतो. दर लग्नसराईच्या आधी तो धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून द्यायचं काम माझं.

कहकशाँनं तो तुकडा हातात घेतला, उन्हात धरला, आपल्या राखाडी पट्टीशेजारी धरला, आणि तिला हसू आवरेना. तिनं समजावलं ते असं, की नीळ दिलेलं धोतर आपल्याला पांढरंशुभ्र वाटतं, पण असतं निळसर. कॅमेऱ्याला आपण सांगतो की हेच पांढरं. मग तो बिचारा त्या निळ्याला पांढरं करण्यासाठी सगळ्या चित्रावर पिवळं ओततो.

हेही पोट धरून हसले. "म्हंजे तीस वर्सं बुढ्याचं धोतर पिवळं करे अन् मी त्यात नीळ टाकत बसो," म्हणाले. यांचा हातखंडा कशावर उभा होता ते आता कळलं होतं. तिकडे धोतर जेवढं पिवळं घालायचं तेवढीच नीळ इकडे हे द्यायचे; हल्ली ती जरा जास्त पडून पिवळ्याचं हिरवं झालं असेल, असं आम्ही धरलं. मला एकदम हलकं वाटलं. दोष सापडला होता, त्यात माझाही वाटा होता, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. धोतर घडी करून कपाटात ठेवलं. कहकशाँनं एक राखाडी कार्ड दिलं, आता यावरच कॅमेरा लावायचा म्हणाली. जाताना ती दारात थांबली, माझ्याकडे पाहिलं, काही बोलेल असं वाटलं. पण तिची गाडी होती, ती गेली.

पुढचं लग्न नांदगाव पेठेला होतं. अंकुरनं राखाडी कार्ड धरून सगळं शूट केलं आणि आल्यावर मला मुद्दाम बोलावून दाखवलं. हात न लावलेलं चित्र होतं, तरी हळद हळदीसारखी होती. मी दुपारी यांना दोन पोळ्या जास्त वाढल्या. दोन दिवसांनी यांनी रंगाचं काम पुरं केलं. संध्याकाळी अंकुर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काकू, कॅमेरा बरोबर हाय. मॉनिटर बरोबर हाय."

एवढंच बोलला. पुढचं बोलायची त्याची हिंमत झाली नाही. मी जाऊन पाहिलं. नांदगाव पेठेची नवरी हिरवी होती, दुर्गाबाईंच्या पोरीहून जास्त हिरवी. मी अंकुरला टाकून बोलले, तू आपला कॅमेरा सांभाळ, काकांच्या कामात नाक खुपसू नको म्हटलं. त्याचा काही गुन्हा नव्हता. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी समोरच्याला झाडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शेजारच्या पार्वताबाई त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळवत होत्या. आमच्या दोरीकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "काय वं ज्योत्स्ना, भाऊजीचं शाळेत नाव टाकलं का?"

मला कळेना. त्यांनी शर्टांकडे बोट दाखवलं. यांचे सात शर्ट ओळीनं लोंबत होते. हे आयुष्यभर पांढराच शर्ट घालत आले. ते सातही शर्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले म्हणा ना, कारण ते आभाळी रंगाचे होते, शाळेच्या गणवेशासारखे.

मी धुण्याच्या दगडावर बसले. दोन वर्षांपासून हे म्हणत होते, शर्ट पिवळे पडून राहिले, जरा नीळ देत जा. मी दोन थेंब वाढवले. पुन्हा म्हणाले, पिवळेच आहेत. मी आणखी वाढवले. वर्षाला एक बाटली पुरायची तिथं महिन्याला एक लागायला लागली होती आणि मी दुकानदाराला शिव्या देत होते की नीळ पातळ आली. रोज थोडं थोडं होत गेलेलं माझ्याही डोळ्यांना कळलं नाही. माझी आई शेवटी शेवटी विचारायची, दुधात हळद कशाला घातली. तिला मोतीबिंदू होता.

यांना दुसरं काही येत नाही. पैसा जमवता आला नाही, चार लोकांत गोड बोलता आलं नाही, नातेवाइकांत मान मिळाला नाही. एक डोळा होता, आणि त्या डोळ्याच्या जोरावर हा माणूस ताठ चालायचा. तो डोळाच खोटं दाखवतो आहे, हे आता मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. मला रडायला आलं. मी रडले आणि मग ओले शर्ट पुन्हा बादलीत घातले.

मावसबहिणीकडे जाते सांगून मी एसटीनं अकोल्याला गेले. कहकशाँचं दुकान अजून तिच्या वडिलांच्या वेळचंच होतं, मागं जुने टीव्ही रचलेले, पुढं तिचे दोन चकचकीत पडदे. मी सरळ विचारलं, डोळा मोजायचं यंत्र आहे का तुझ्याकडे? ती म्हणाली, ते डॉक्टरकडे असते. मग वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या दिवशी तिनं यांना सात राखाडी चौकोन विचारले होते. मॉनिटर नीट जुळवल्यानंतरही विचारले होते. सातही वेळा यांचं उत्तर एकच होतं, पिवळट.

मी तिच्यावर उखडले. माहीत होतं तर तेव्हाच का सांगितलं नाही?

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, तिच्या अब्बांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांना कोणीच सांगितलं नाही. गिऱ्हाईक यायचं बंद झालं एवढंच. ते रोज दुकान उघडून बसायचे आणि लोक का येत नाहीत याचा विचार करायचे. दोन वर्षं असे बसले.

"काकू, बाहेरच्यानं सांगतलं त मानूस भांडते."

"घरच्यानं सांगतलं तरी भांडते," मी म्हटलं.

"हौ. पन घरच्याजवळ भांडून घरातच राहते."

तिनंच सुचवलं की तुम्ही तोंडानं काही सांगू नका, आलेखाला सांगू द्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा एक गोल आलेख असतो. वस्तू खरीच पांढरी किंवा राखाडी असेल तर ठिपका बरोबर मधोमध बसतो, निळसर असेल तर निळ्याकडे सरकतो. आमच्याकडे तो आलेख नेहमी बंद असायचा. आलेख पाहून रंग करणारे घड्याळ पाहून भूक लागणारे असतात, असं यांचं मत.

रविवारी दुपारी मी अंकुरला बाजारात पिटाळलं. कॅमेरा उभा केला, राखाडी कार्डावर जुळवला. तीस वर्षं त्या दुकानात मी फक्त चहा केला नाही. टेबलावर तीन शर्ट ठेवले. एक दुकानातून आणलेला कोरा, टाचण्यासुद्धा न काढलेला. दुसरा दोन थेंब नीळ दिलेला. तिसरा यांचा रोजचा, आभाळी झालेला. यांना हाक मारली आणि विचारलं, यातला सगळ्यात पांढरा कोणता?

यांना वाटलं मी शर्टांचं दुकान काढते आहे. कुरकुरत आले आणि क्षणाचाही विचार न करता तिसऱ्यावर हात ठेवला. एवढा एकच नीट धुतला, बाकीचे दोन पिवळे आहेत, असं वर सांगितलं.

मी तिन्ही शर्ट शूट केले, चित्र मॉनिटरवर घेतलं आणि आलेख उघडला. कोऱ्या शर्टाचा ठिपका बरोबर मधे. दुसऱ्याचा जरासा बाजूला. तिसऱ्याचा पार निळ्याकडे पळालेला.

हे पाहत राहिले. मग त्यांनी मला बाजूला केलं, कार्ड स्वतः धरलं, कॅमेरा स्वतः जुळवला, शर्टांची जागा बदलली आणि सगळं पुन्हा केलं. ठिपके तिथंच गेले. तिसऱ्यांदा केलं. मग खुर्चीत बसले. मला जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटत होता, पण मी ठेवला नाही, कारण ठेवला असता तर मला पुढचं बोलता आलं नसतं.

"दुर्गाबाईची पोरगी?" त्यांनी विचारलं.

"हिरवी हाय."

"तुले दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"मी भेली होती," मी म्हटलं. खरं तेच होतं. मग मी सगळा जीव गोळा करून म्हटलं, "आता उठा. डोळे दाखवल्याबिगर या खुर्चीत बसाचं नाई. पाटीवर नाव माह्यं हाय."

तीस वर्षांत मी यांना पुष्कळ बोलले, पण त्या खुर्चीतून कधी उठवलं नव्हतं. ते उठले. माझ्याकडे न पाहता बाहेर गेले आणि रस्त्यावर पाटीखाली उभे राहिले. आत येऊन जेवले. जेवताना एक शब्द बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यातलं भिंग पिवळसर तपकिरी झालं आहे, निळं आत नीट पोचतच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिसेल का, हे यांनी विचारलंच नाही. रंग येईल का, एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, महिन्यानं डावा. हे म्हणाले, लग्नसराई झाल्यावर पाहू. मी म्हटलं, लग्नसराई अंकुर काढेल, कहकशाँ आठवड्याला येऊन पाहून जाईल, तुम्ही परवाची तारीख घ्या. डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. पण तारीख परवाचीच पडली.

ऑपरेशनला जाताना रिक्षात ते पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले.

"ज्योत्स्ना, रंग नाई आला त?"

"त मी सांगत जाईन तुमाले कोनता रंग हाय ते," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला. पुढं बसलेल्या रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, तरी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा लावून घरी आलो. घरात आल्यावर त्यांनी चष्मा काढला, आणि खुंटीवर लटकलेल्या शर्टापुढे थांबले. तो एक मी मुद्दाम तसाच ठेवला होता.

"हा कोनाचा?"

"तुमचा."

"असे शर्ट घालून मी गावभर फिरून राहिलो होतो?"

"दोन वर्सं," मी म्हटलं. "पार्वताबाईनं शाळेत नाव टाकलं तुमचं."

त्यांना हसू आलं, पण ते मधेच थांबलं. त्यांनी शर्टाची बाही हातात धरली. शर्टावर नीळ पडली होती तशीच आणखी कुठं कुठं पडली असेल, ते त्यांच्या डोक्यात आलेलं मला दिसलं.

आठवडाभर पडद्यापुढे बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. आठव्या दिवशी त्यांनी किल्ली मागितली नाही, नुसता हात पुढे केला. त्या दिवशी कहकशाँ आलेलीच होती. तिनं मॉनिटर आधीच गरम करून ठेवला होता. तिनं पडद्यावर नुसता पांढरा रंग आणला. हे खुर्चीत बसले, उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला, मग पुन्हा उजवा. लहान पोरासारखा हा खेळ किती तरी वेळ चालला.

"या डोळ्यानं चहा," ते म्हणाले, "अन् या डोळ्यानं दूध."

मग त्यांनी दुर्गाबाईंच्या पोरीची हळद लावायला सांगितली. अंकुर म्हणाला, काका, आजच कशाला. यांनी ऐकलं नाही. डाव्या डोळ्यावर तळहात दाबून, नव्या डोळ्यानं त्यांनी ती हळद पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. आत्या हळद लावते आहे, मावशी लावते आहे, पोरगी लाजून हसते आहे, आणि सगळं अंग हिरवट. त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायची वेळ झाली होती, तरी मी उठले नाही.

"पोरीच्या अंगाले एकाच डाव लागते हळद," ते म्हणाले. "अन् मी धुऊन टाकली."

मला वाटलं आता हा माणूस उठेल आणि पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाही. माझी सगळी भीती तीच होती. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला विचारलं, मूळ शूटिंग आहे का? ते होतं. डिस्क पुसायच्या म्हणून अंकुर दर सहा महिन्यांनी मागं लागतो आणि मी दर सहा महिन्यांनी त्याला हाकलते. दोन वर्षांतलं प्रत्येक लग्न कपाटात होतं, तारखेसकट, माझ्या अक्षरात. धोतराच्या तुकड्याखालीच ठेवलं होतं सगळं. मी यादी काढली. तेवीस लग्नं होती.

यांनी आलेख उघडून पडद्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि कहकशाँला म्हणाले, हा आता बंद करायचा नाही. कहकशाँनं मान हलवली. अंकुर म्हणाला, तेवीस लग्नं पुन्हा कोण करतं काका, लोक विसरले पण असतील. डावा डोळा अजून व्हायचा आहे. निदान तोवर थांबा.

खुशालरावांनी माझ्याकडून फोन घेतला, डाव्या डोळ्यावरचा हात न काढता नंबर लावला आणि खाकरून आवाज नीट केला.

"दुर्गाबाई, नमस्कार. खुशालराव बोलतो, अमरावतीहून. तुमच्या पोरीची हळद माह्याजवळ राहून गेली होती. ते वापस कराची हाय."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि मान वळवून पुढचं नाव विचारलं. मी यादीवर बोट ठेवून वाचलं.